सकाळची आई

माझा जुना फोन एका दुपारी टेबलावर पडल्या पडल्या फुगला. मागचं झाकण एका बाजूनं उचकटलं आणि आतली बॅटरी टम्म झालेली दिसली. मुलाला बंगळुरूला फोन करून विचारावं म्हटलं, पण विचारणार कशावरून? शेजारच्या काकूंचा फोन मागून घेतला. मुलगा म्हणाला, "आई, आधी तो घराबाहेर नेऊन ठेव, पेट घेईल. आणि नवीन घेऊ नकोस. माझा जुना पडून आहे, तो पाठवतो." अशा रीतीनं, काडीचा विचार न करता, इतकी वर्षं अँड्रॉइड वापरणारी मी आयफोनवाली झाले. अमरावतीत आमच्या गल्लीत ही बातमी फोनच्या आधी पोचली. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला, "ताई, आता तुमी मोठ्या लोकायत गेल्या बापा."

कॉम्प्युटर मात्र मी बदलला नाही आणि बदलणारही नाही. मुलगा त्याला म्युझियम म्हणतो. म्हणू दे. मी घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, प्रबंध, बुद्धजयंतीच्या स्मरणिका, कौंडण्यपूरच्या यात्रेत दुकान लावणाऱ्यांची हँडबिलं, जे येईल ते. सगळं मॅटर मी ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करते तो फॉन्ट फक्त त्याच यंत्रावर नीट चालतो. दुसरीकडे उघडलं की नवरदेवाच्या नावाच्या जागी कंस आणि टक्क्याची चिन्हं दिसतात. शिवाय वलगावचा एखादा माणूस येऊन म्हणतो, "मोठ्याच्या लग्नाची होती तशीच पत्रिका धाकट्याची करा," तेव्हा मोठ्याची पत्रिका त्याच पेटीत असते. नवऱ्याशी माझं फार पूर्वी फाटलं, मुलगा शिकून बाहेर गेला, हा कॉम्प्युटर राहिला. त्याला मी का टाकावं?

आता आईचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे.

आई अकोल्याला राहते, एकटी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. कितीदा म्हटलं अमरावतीला ये, तर म्हणते, "मी तुह्या घरी पाव्हनी बनून कायले राहू?" माझी प्रूफं तीच तपासते. आमची पद्धत ठरलेली होती. मी मॅटर छापून त्याचे फोटो तिच्या फोनवर पाठवायची. ती दिवसभरात वाचून ठेवायची. संध्याकाळी मी फोन लावला की ती चुका सांगायची. सुरुवातीला ती सांगेल तसं मी लिहून घेत होते, तर ती वैतागायची. "मी काय शाळेत हाओ काय तुले शुद्धलेखन सांगाले? टेप कर अन् मंग आईक." माझ्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप टेप व्हायचा. सकाळी वायर जोडून तो कॉम्प्युटरवर घ्यायचा, स्पीकर लावायचे, आणि आईचा आवाज ऐकत ऐकत दुरुस्त्या करायच्या.

पण आई नुसत्या चुका सांगेल तर ती आई कसली. "दुसरं पान, खालून तिसरी ओळ. मामाचं नाव दोनदा आलं. एवढा मोठा मामा आहे काय तो? एक काढ. आज गवारीच्या शेंगा केल्या होत्या, भल्ल्या जून निंघाल्या, चावून चावून जबडा दुखला. पुढं पाय, 'निमंत्रक'च्या खाली. समोरच्या घरी नवीन भाडेकरू आले वो, बाई दिवसभर दारातच उभी राह्यते. जेवली काय तू?" अशी तासभर गाडी चालायची. त्यातल्या चुका दहा मिनिटांच्या. मधेच ती गप्प व्हायची, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू. पाणी प्यायला उठली असेल असं मी धरून चालायची आणि सकाळी ऐकताना त्या जागा कळ दाबून पुढे ढकलायची.

म्हणजे आई मला रोज दोनदा भेटत होती. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा. खरं सांगायचं तर सकाळची आई मला जास्त आवडायची, कारण तिच्याशी भांडता येत नसे. संध्याकाळी तिनं म्हटलं की "तब्येतीवर लक्ष दे", की मी फणकारायची. सकाळी तेच वाक्य ऐकताना चहा घेत मी म्हणायची, देते गं. हो, मोठ्यानं म्हणायची. घरात बोलायला कोणी नसलं की माणूस कशालाही उत्तर देतो. त्या आवाजावर माझी सकाळ निभायची. काम छापायला गेलं की मी तो टेप पुसून टाकायची. डिस्कवर जागा कमी, आणि उद्या नवी आई येणारच होती.

मुलाचा फोन कुरियरनं आला. गुळगुळीत, जड, हातात धरायलाच भीती वाटावी असा. सिम घातलं, त्यानं दुरून सांगितलं तसं सगळं केलं. मग नेहमीच्या सवयीनं वायर कॉम्प्युटरला जोडली, तर फोननं विचारलं, या कॉम्प्युटरवर तुमचा विश्वास आहे का? मला हसूच आलं. आयुष्यात ज्यांच्यावर विश्वास ठेवला त्यांच्यापैकी हाच तर टिकला होता. हो म्हटलं. पण दोघांची सोयरीक काही जमली नाही. कॉम्प्युटरला त्या फोनमधले फक्त फोटो दिसत होते. बाकी काही म्हणजे काही नाही. फोटो तर फोटो, टेप फोनवरच ऐकू, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी आईला फोन लावला आणि टेपचं बटण दाबलं. तेव्हा एक बाई इंग्रजीत बोलली. हा कॉल टेप होतो आहे, असं काहीतरी. ते माझ्याइतकंच स्पष्ट आईलाही ऐकू गेलं. मग आईचा आवाज आला, पण तो आवाज मी लहानपणी तिच्या शाळेत ऐकला होता, तपासणीला साहेब यायचे तेव्हाचा.

"नमस्कार. पृष्ठ क्रमांक दोन. पाचव्या ओळीतील स्थळ चुकले आहे, ते दुरुस्त करावे. पृष्ठ क्रमांक तीन. काही चूक दिसली नाही. धन्यवाद."

आणि फोन ठेवला. मी हसले. पोट धरून हसले. पुन्हा फोन लावून म्हटलं, "आई, तू काहून अशी बोलून राह्यली?" तर ती म्हणाली, "काम झालं ना तुहं? मंग झालं." दुसऱ्या दिवशीही तेच. पृष्ठ क्रमांक, करावे, धन्यवाद. तिसऱ्या दिवशी मला हसू आलं नाही.

मी टेपचं बटण दाबणं सोडून दिलं. कागद-पेन घेऊन बसले आणि ती सांगेल तसं उतरवायला लागले. पण मग "थांब गं", "कोणती ओळ म्हटलीस", "पुन्हा सांग", यातच फोन संपायचा. तिला तेच तेच सांगावं लागे आणि ती थकायची. गवारीच्या शेंगांपर्यंत आम्ही पोचायचोच नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं टेप होता म्हणून आम्ही मोकळं बोलत होतो. काम तो सांभाळत होता, त्यामुळे आम्हाला काम सोडून बाकीचं सगळं बोलता येत होतं.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "आजीला व्हॉइस मेसेज पाठवायला सांग ना." सांगितलं. तिनं पाठवला. पृष्ठ क्रमांक एक, काही चूक दिसली नाही. मग तो म्हणाला, "मी तुला दुसरा अँड्रॉइड घेऊन देतो, एवढं काय?" मी नको म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. त्याला वाटलं मी त्याच्या फोनचा मान ठेवते आहे. तसं नव्हतं. मला वाटायला लागलं होतं की फोन हे निमित्त आहे, आईच माझ्यावर नाराज आहे. काहीतरी मी बोलून गेले असेन, नाहीतर तिला आता माझा कंटाळा आला असेल. आणि ती नाराज असेल तर मला दुसरं होतं कोण?

सकाळी तर फारच वाईट वाटायचं. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पंखा घुरघुरायचा, मी चहा घेऊन बसायची आणि घरात चिटपाखरू नाही. रेडिओ लावून पाहिला. रेडिओवरची माणसं कोणालाही उद्देशून बोलतात, मला कोणी जेवली का म्हणून विचारत नव्हतं. मी कागदावरच्या दुरुस्त्या करायची आणि तासाभराचं काम दहा मिनिटांत संपायचं. एकटं राहण्याची मला सवय आहे असं मी सगळ्यांना सांगत आले होते. ती सवय नव्हती, तो स्पीकरमधला आवाज होता, हे आता कळलं.

रविवारी एका पत्रिकेचं प्रूफ पिशवीत टाकलं आणि अकोल्याची एसटी पकडली. बडनेरा, मूर्तिजापूर, दोन्ही बाजूंना काळं रान आणि खिडकीतून धूळ. वाटेत मी भाषण तयार केलं. ती बोलणारी बाई खरी नाही, ती कोणाला काही सांगत नाही, टेप माझ्याशिवाय कोणी ऐकत नाही. आईला यंत्राची भीती बसली आहे, ती काढायची, एवढंच काम आहे, असं मी स्वतःला समजावत होते.

आईनं दार उघडलं. "आली काय वो?" म्हणाली आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. तसा हात ती आधी कधी फिरवत नसे. मी चप्पल काढता काढताच भाषण सुरू केलं. तिनं ते पूर्ण होऊ दिलं नाही.

"मले मालूम आहे ते बाई खरी नाही. मी का येडी हाओ?"

मग वरण-भात झाला, वांग्याची भाजी झाली, आणि हा सगळा वेळ ती अगदी पूर्वीसारखी बोलत होती. समोरची भाडेकरीण, तिचा नवरा, त्यांच्या घरातला कुकर. मला इतकं बरं वाटलं की प्रूफ काढायचंच विसरले. आठवलं तेव्हा पिशवीतून काढून तिच्या हातात दिलं. म्हटलं, आलेच आहे तर इथंच पाहून दे.

ती कागद घेऊन दारात उजेडाला गेली. आधी हात लांब करून धरला, मग नाकाला लागेल इतका जवळ आणला, मग तिरपा केला. ओळीखाली अंगठा ठेवला. मी पाटावर बसून पाहत होते. अंगठा पुढे सरकत नव्हता.

"ठेव इथी," ती म्हणाली. "मंग पाहीन."

"आई, तुले दिसते काय?"

मी तिचा फोन उचलला. माझ्या आदल्या प्रूफाचा फोटो त्यावर उघडाच होता आणि तो इतका मोठा केलेला होता की सगळ्या पडद्यावर एकच अक्षर मावत होतं. एक 'म'. बाजूला त्याच्या पुढच्या अक्षराची कड. असं एकेक अक्षर सरकवत ती माझी पत्रिका वाचत होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

"कवापासून?" मी विचारलं.

"झाले आता लय दिवस. डॉक्टर म्हणे डोळ्याचा पडदा कमजोर झाला. एका डोळ्यात मधातलं दिसतच नाही, बाजूबाजूचं दिसते, अन् दुसराबी तसाच होऊन राह्यला. सुई देल्ली त्यानं डोळ्यात."

"डोळ्यात सुई घेतली अन् मले सांगतलं नाही?"

"तू आली असती धावत. काम सोडून."

"अन् फोनवर ते नमस्कार, धन्यवाद?"

ती दारातून आत आली आणि खाटेवर बसली. "ते टेपवाली बाई बोल्ली तवा माह्या ध्यानात आलं, हे सारं राहून राह्यलं ना टेपात. उद्या पत्रिकेत काही चूक निंघाली, पोरीच्या बापाचं नाव चुकलं, तं लोक तुह्या घरी येतीन. तू टेप लावशीन, अन् त्यात म्हातारी म्हणते चूक नाही. लोक म्हणतीन, आंधळ्या मायकडून काम करून घेते. म्हणून म्हटलं, जेवढं दिसते तेवढंच सांगा, बाकी तोंड बंद."

मला राग आला. कोणावर ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "दिसत नव्हतं तं सांगाचं ना. मी प्रूफ धाडलंच नसतं."

"तेच तं," ती म्हणाली. "धाडलं नसतं. मंग तू कायले फोन केला असता?"

मी म्हणणार होते, केला असता गं, रोज केला असता. तोंडाशी आलं होतं. पण ती माझ्याकडे पाहत होती, म्हणजे माझ्या थोडं बाजूला पाहत होती, कारण तिला तिथूनच मी दिसत होते, आणि मला ते म्हणता आलं नाही. कारण मी तरी काय करत होते? आजकाल पत्रिकेचं प्रूफ कोणी आईकडून तपासून मागत नाही. गिऱ्हाईक आपल्या फोनवर पाहतं, अंगठा दाखवतं, काम छापायला जातं. मला स्वतःला चुका दिसतात. तरी मी रोज प्रूफं पाठवत होते, कारण ती नसती पाठवली तर तिला रोज फोन कशासाठी करायचा हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाला नुसताच फोन करत नाही. काम लागतं. आई-बाबांनी मला तसंच वाढवलं, अभ्यास झाला का, पगार झाला का, आणि त्या प्रश्नांच्या आड सगळी माया. हे मी तिला सांगितलं नाही. तिला ठाऊक असावं.

दुपारची गाडी मी जाऊ दिली. संध्याकाळच्या गाडीला निघताना तिनं मला दारातच थांबवलं. "प्रूफ धाडनं बंद करतं काय आता?"

"नाही," मी म्हटलं. "वाचून दाखवीन."

आता आम्ही असं करतो. संध्याकाळी फोन लावायचा, स्पीकरवर टाकून की-बोर्डच्या शेजारी ठेवायचा. वायर नाही, टेप नाही, ती इंग्रजी बाई नाही. मी पडद्यावरचं मॅटर मोठ्यानं वाचते आणि आई कानानं तपासते. पहिल्या दिवशी दोघी अवघडलो. मी बातम्या दिल्यासारखी वाचत होते आणि ती हं, हं करत होती. दुसऱ्या पानावर नवरदेवाच्या काकांच्या नावाआधी पदव्यांची रांग लागली तशी ती फिस्सकन हसली. "थांब, थांब. हा काका लग्नाले येऊन राह्यला का निवडणुकीले?" आणि गाडी रुळावर आली. चूक निघाली की मी तिथल्या तिथं दुरुस्त करते. गवारीच्या शेंगा आहेत, भाडेकरीण आहे, 'जेवली काय?' आहे. माझा कॉम्प्युटर आणि मुलाचा फोन एकमेकांशी अजून बोलत नाहीत, पण एका टेबलावर निमूट बसतात.

संध्याकाळची आई मला परत मिळाली. सकाळची नाही.

दुरुस्त्या संध्याकाळीच होऊन जातात, त्यामुळे सकाळी ऐकायला काही उरत नाही. फोन ठेवला की बोलणं संपलं. मुलगा अजूनही म्हणतो, दुसरा फोन घे, टेप होतील. पण टेपात सगळं राहून जातं हे आईला आता कायमचं कळलंय. टेप चालू आहे काय, असं ती विचारेल आणि मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही.

मात्र कॉम्प्युटरमध्ये एक टेप राहून गेला आहे. फोन फुगायच्या आदल्या संध्याकाळचा. ती पत्रिका कधीच छापून झाली, लग्न लागलं, जोडपं नांदतही असेल. तो पुसायचा राहिला आणि आता मी पुसत नाही. फारच एकटं वाटलं की सकाळी चहा घेऊन बसते आणि तो लावते. आई मामाचं नाव काढायला सांगते, जबडा दुखल्याचं सांगते, जेवली काय विचारते. मी हो म्हणते. मग ती गप्प होते. बराच वेळ काही नाही, नीट कान दिला तर काचेवर बोट घासल्याचा बारीक आवाज येतो आणि तिचा श्वास. ती पाणी प्यायला उठलेली नाही. ती पुढचं अक्षर शोधते आहे. पूर्वी या जागेला मी कळ दाबून पुढे जायची. आता नाही जात. तिला सापडेपर्यंत थांबते.